स्प्रिंग बसली, पण धास्ती जाईना

प्रश्न : आमची पिठाची गिरणी आहे, कराडजवळच्या एका गावात. मालकांचं वय ५३. अडीच महिन्यांपूर्वी पहाटे चारला छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतंय म्हणून उठून बसले. आदल्या रात्री भरीत-भाकरी आणि ठेचा झाला होता, म्हणून मीच म्हटलं गॅस असेल. सोडा दिला, ओवा दिला. सात वाजता घामानं बनियन निथळायला लागलं तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. मनगटातून अँजिओ झाली. पुढची मोठी नस शंभर टक्के बंद होती, तिथं स्प्रिंग टाकली. दुसऱ्या एका नसेत ५०-६० टक्के ब्लॉकेज आहे, ते गोळ्यांवर ठेवलंय. पंपिंग ४० टक्के आहे म्हणाले. चौथ्या दिवशी घरी आलो.

तेव्हापासून माणूस गिरणीची पायरी चढलेला नाही. दिवसभर पडवीत बसून असतात. मुलगा २६ वर्षांचा, पुण्याला कंपनीत आहे, त्यानं नाडी दाखवणारं घड्याळ आणून दिलं. आता सारखी नजर त्यातच. परवा रात्री त्यात ४९ आकडा आला आणि घड्याळ थरथरलं, तर सगळं घर उठवलं. रोज पहाटे चारला जाग येतेच. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं तरी डोळ्यांत पाणी. नुसतं बसलेलं असताना मध्येच खोल श्वास घ्यावासा वाटतो आणि तो पुरत नाही म्हणतात. अंगावर काळे-निळे डाग उठतात. गोळ्या गरम पडतात म्हणून संध्याकाळची ‘टिकाग्रेलोर ९०’ अधूनमधून चुकवतात. मी त्यांना पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. गिरणी मी आणि एक पोरगा मिळून चालवतोय.

माझे दीर म्हणतात, स्प्रिंगची गरजच नव्हती, पैशासाठी टाकतात, आणि पाच वर्षांनी ती बदलावी लागते. कुणीतरी ब्लॉकेज विरघळवणारा काढा सांगितलाय, तीन महिन्यांचा कोर्स. तंबाखू दवाखान्यापासून सुटली होती, पण गेल्या आठवड्यात सदऱ्याच्या खिशात पुडी सापडली. आणि अजून एक, ते आता बाहेरच्या खोलीत झोपतात. याबद्दल डॉक्टरांना कसं विचारायचं?

उत्तर : ताई, बाकीचं सगळं मागाहून. आधी ती संध्याकाळची गोळी.

स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, ही धातूची बारीक जाळी असते. ती नसेत बसली तरी रक्ताला परकीच वाटते, आणि परक्या वस्तूवर रक्त गोठायला बघतं. काही महिन्यांत नसेचं आतलं अस्तर जाळीवरून वाढत जातं आणि तिला झाकून टाकतं. तोवर जाळीवर गुठळी होऊ न देण्याचं काम दोन गोळ्या करतात : एक ॲस्पिरिन, दुसरी तुमची टिकाग्रेलोर. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला या दोन्ही साधारण वर्षभर आणि त्यातली एक बहुतेक कायमची. नवा स्टेंट अचानक बंद पडतो त्यामागची कारणं शोधली, तर रुग्णानं स्वतःच्या मनानं गोळ्या थांबवणं हे त्यात फार वर असतं. टिकाग्रेलोरचा असर बारा तासांच्या हिशेबानं धरलेला आहे, म्हणून ती दिवसातून दोनदा. संध्याकाळची चुकली की रात्रभर पहारा ढिला पडतो. विसरलीच तर पुढची गोळी तिच्या वेळेला घ्यायची, भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दात काढायचा असो, आजोळी लग्न असो की एकादशी असो, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दोनपैकी एकीलाही हात लावायचा नाही.

गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणजे नेमकं काय होतं, ते मालकांना एकदा नीट विचारा. छातीखाली जळजळ होत असेल तर गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आणि पोटाची गोळी दिली आहे का ते डिस्चार्ज कार्डावर बघायचं. दिली नसेल तर मागून घ्यायची. पण मला वाटतं, त्यांना खरा त्रास त्या न पुरणाऱ्या श्वासाचा होतोय आणि तो याच गोळीमुळे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

हे वर्णन ओपीडीत मी सतत ऐकते. बसल्या जागी अचानक श्वास अपुरा वाटतो, जांभई द्यावी तसा ओढून घ्यावासा वाटतो, काही मिनिटं राहतो आणि जातो. चालताना मात्र धाप नसते. टिकाग्रेलोर घेणाऱ्या शंभरातल्या साधारण तेरा-चौदा जणांना असं होतं. त्यानं फुप्फुसाला किंवा हृदयाला इजा होत नाही, आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. अडीच महिन्यांनंतरही छळत असेल तर डॉक्टर क्लोपिडोग्रेल या दुसऱ्या गोळीवर आणू शकतात. कधी बदलायची, पहिला डोस केवढा, हे त्यांनीच ठरवायचं. तेव्हा येत्या दोन-चार दिवसांत फोन करा किंवा जा, आणि ‘टिकाग्रेलोरनं श्वास अपुरा वाटतो, त्यामुळे गोळी चुकते’ असं सरळ सांगा. गोळी चुकते हे लपवू नका. डॉक्टर रागावतील, रागावू देत.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण त्यांचं पंपिंग ४० आहे. आडवं झाल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर बरं वाटतं, उशा वाढवाव्या लागतात, घोट्यावर दाबलं तर खळगा राहतो, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढतं, तर तो गोळीचा श्वास नव्हे. त्या दिवशीच्या त्या दिवशी दाखवायचं.

काळे-निळे डाग हे रक्त पातळ असल्याची खूण आहे. दंडावर, मांडीवर, कुठं आपटलं तेही आठवत नाही असे डाग येतात आणि जातात. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवीत रक्त दिसलं, नाकातून रक्त थांबेना किंवा डोक्याला मार लागला तर मात्र थांबायचं नाही. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या आणायच्या नाहीत. पॅरासिटामॉल चालेल.

पंपिंगच्या आकड्याचंही सांगून टाकते. निरोगी हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतं. तुमच्याकडे ४० आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद गेली असं नाही. शिवाय तो आकडा अटॅकच्या लगेचचा आहे. रक्त न मिळाल्यानं हृदयाचा काही भाग कायमचा मरतो, पण काही भाग नुसता बधिर झालेला असतो आणि नस उघडल्यावर काही आठवड्यांत पुन्हा हलायला लागतो. म्हणून तीन महिन्यांच्या आसपास टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करतात. त्याची तारीख घेतली नसेल तर याच भेटीत घ्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मीच म्हटलं गॅस असेल’. सोडा, ओवा, ईनो, इंजेक्शन देऊन परत पाठवलेले, झोपून बघू म्हणालेले, असे सगळे आमच्याकडे येतात, आणि त्यांत डॉक्टरांच्या घरचे लोकही असतात. पहाटेचं छातीतलं ओझं हे आपल्याकडे पहिल्यांदा पित्ताच्या खात्यावरच जातं. ते तीन तास परत आणता येत नाहीत. पुढच्या वेळी काय करायचं ते मात्र ठरवून ठेवता येतं, ते खाली लिहिलंय.

आता पुढचा भाग मालकांना वाचायला द्या. चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचावा.

भाऊ, पहाटे चारला जाग येण्यात नवल काही नाही. ज्या वेळी जिवावर बेतलं ती वेळ शरीर विसरत नाही. एक निवृत्त शिक्षिका अटॅकनंतर कितीतरी दिवस न्हाणीघराची कडी न लावता अंघोळ करायच्या, आत काही झालं तर दार तोडावं लागू नये म्हणून. एसटीतले एक कंडक्टर फिरायला म्हणून रिक्षानं दवाखान्याच्या आवारात यायचे आणि तिथंच फेऱ्या मारायचे, कारण ‘पडलो तर इथं उचलतील’. दोघांच्याही नसा तेव्हा नीट उघड्या होत्या. अटॅक येऊन गेलेल्या दर पाच जणांमागे साधारण एकाला खरोखरीचं डिप्रेशन येतं, आणि छातीत जरा टोचलं की ‘आता परत’ ही धास्ती तर त्याहून किती तरी जणांना असते. टीव्हीवरच्या लग्नाला रडू येणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. पण रोज, दिवसभर, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच पडलेलं असेल, कशातच रस नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं, जसं छातीत दुखलेलं सांगता तसंच. यावर हृदयाच्या रुग्णांना चालतील अशी औषधं आहेत. त्यांतल्या सर्ट्रालिनची अटॅक येऊन गेलेल्यांवर खास चाचणी झाली आणि ते हृदयाला सुरक्षित असल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर दिवसा-रात्री कधीही १४४१६ या ‘टेलिमानस’ नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या नंबरावर फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

घड्याळाचं म्हणाल तर तुमच्या कार्डावर मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल असं काही नाव असणार, बघा. ती गोळी नाडी मुद्दाम हळू ठेवते, हृदयाला कमी राबावं लागावं म्हणून. जागेपणी ५५-६० आणि गाढ झोपेत ४९, हे त्या गोळीचं काम चाललंय. चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा दिवसाही आकडा ५० च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा कमी करतील. आणि नाडी मोजणारं हे घड्याळ अटॅक ओळखू शकत नाही. ते गप्प असलं म्हणून निश्चिंत राहायचं नाही आणि थरथरलं म्हणून घर उठवायचं नाही. रात्री ते काढून कपाटात ठेवा, बाहेरच्या खोलीत नको.

छातीत टोचण्याचं कसं ओळखायचं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. बोटानं दाखवता येतं, दाबल्यावर दुखतं, कूस बदलल्यावर कमी-जास्त होतं, क्षणभर सुई टोचल्यासारखं होऊन जातं, असं दुखणं बहुधा स्नायूचं किंवा बरगडीचं असतं. दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारं, घाम फोडणारं, पाच मिनिटांत न थांबणारं, ते दुखणं हृदयाचं धरून चालायचं. तुम्हाला ते एकदा झालेलं आहे, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागणार नाही.

आणि भाऊ, गिरणी. मला विचाराल तर पडवीत बसून राहणं हाच या घडीला तुमच्या हृदयाला मोठा धोका आहे. अटॅकनंतर बेतशीर व्यायाम सुरू करणारे लोक कमी वेळा पुन्हा दवाखान्यात भरती होतात आणि हृदयविकारानं मरण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी असतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलंय. मोठ्या शहरांत यासाठी कार्डिॲक रिहॅबचे विभाग असतात. तुमच्या डॉक्टरांना तसा विभाग जवळपास आहे का विचारा, नसेल तर सहा मिनिटांची चालण्याची चाचणी तरी करून मागा. सपाट जागेवर सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, नाडी आणि रक्तदाब कुठवर जातो, एवढंच त्यात बघतात. ती नीट झाली की दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, सपाट रस्त्यावर. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची, पाऊण महिना-महिन्याभरात एका दमात अर्ध्या तासावर यायचं. वेग कसा कळणार? सोबतच्या माणसाशी वाक्य न तोडता बोलता यायला हवं. जेवल्याजेवल्या नाही, कडाक्याच्या थंडीत पहाटे नाही. छाती जड झाली, चक्कर आली तर जागच्या जागी थांबायचं.

योगाचं विचारणार असाल म्हणून सांगते. आपल्याच देशात २४ रुग्णालयांतल्या जवळजवळ ४००० अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर ‘योगा-केअर’ नावाचा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो छापून आला. तीन महिन्यांत तेरा वर्ग होते, त्यांत सौम्य आसनं, श्वसन, ध्यान शिकवलं गेलं. मृत्यू किंवा पुढचे अटॅक कमी झाले असं त्यातून ठामपणे सिद्ध झालं नाही, पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त बरी वाटत होती आणि ते आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. माझ्या मते तुमच्यासाठी एवढं पुरे आहे. शीर्षासन आणि जोरजोरात कपालभाती मात्र नको.

गिरणीत पहिल्या आठवड्यात सकाळचे दोन तास जा. गल्ल्यावर बसा, काट्यावर वजन करा, पट्टा कुठं घासतोय ते कानानं ऐकून पोराला सांगा, ते तुमच्याशिवाय कुणाला जमत नसणार. पिठानं खोकला येतो, म्हणून नाकातोंडाला मास्क. दळणाचा डबा जमिनीवरून कमरेपर्यंत उचलणं आणि तोच डबा खांद्याच्या वर नेऊन हॉपरमध्ये ओतणं, यांत फरक आहे. हात डोक्याच्या पातळीला गेले की तेवढ्याच वजनाला नाडी आणि रक्तदाब जास्त चढतो. म्हणून ओतण्याचं काम तूर्त पोराकडे. पाच-सात किलोचा डबा तुम्ही उचलून त्याच्या हातात द्या, श्वास न रोखता, उचलताना फुंकर मारल्यासारखा सोडत. दम कोंडून जोर काढला की रक्तदाब एकदम उसळतो, त्यामुळे ५० किलोचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणं बंद. एको आणि ट्रेडमिल टेस्ट झाल्यावर डॉक्टर काय म्हणतात ते बघा, पण खरं सांगायचं तर पोत्याला हमाल लावा आणि हातगाडी घ्या. मोटरसायकल जवळपास चालवायला आता हरकत नसावी, डॉक्टरांना एका वाक्यात विचारून घ्या.

आता पुन्हा तुमच्याशी, ताई. कळशी त्यांना उचलू द्या. अर्धी भरलेली. तुम्ही काळजीपोटी हातातलं सगळं काढून घेतलंत आणि त्यातून त्यांना उलटाच निरोप गेला, की ही सगळी मंडळी मला आता गेल्यातच धरतात. अटॅकनंतर घरच्यांनी किती जपायचं, हे डिस्चार्ज देताना कुणी सांगत नाही. गोळ्यांची वेळ, चालणं आणि तंबाखू, या तीन ठिकाणी तुम्ही कडक राहा. बाकीच्या ठिकाणी लक्ष आहे हे त्यांना दिसू नये इतपतच लक्ष ठेवा.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते गावभर पटतं. ज्यांना फक्त जिना चढताना छातीत भरून येतं, अटॅक आलेला नाही, अशा स्थिर रुग्णांत स्टेंट टाकल्यानं आयुष्य वाढतं का, याचा ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास ३७ देशांत, पाच हजारांवर लोकांवर झाला. २०२० मध्ये निकाल आला : चांगल्या औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत, छातीचं दुखणं मात्र जास्त कमी झालं. म्हणजे तसल्या रुग्णांना घाईनं स्टेंट सुचवला तर दुसरं मत जरूर घ्यावं. तुमच्या मालकांची गोष्ट वेगळी. चालू अटॅक, मोठी नस पूर्ण बंद, तिथं ती उघडल्यानंच स्नायू वाचतो आणि माणूस वाचतो. याबद्दल वाद नाही. उरलेल्या ५०-६० टक्क्यांच्या जागेला हात लावला नाही, हेही योग्यच दिसतं. अटॅकनंतर साधारण ७० टक्क्यांच्या वरच्या ब्लॉकेजला स्टेंटचा विचार होतो. त्याहून कमी असेल तर दाबाची तार घालून रक्तप्रवाह खरोखर अडतोय का ते मोजतात. तुमच्या बाबतीत तशी तपासणी लागेल का, एवढं विचारा. पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. त्याआधी तो लाखाच्या घरात लागायचा. दीर बहुधा त्या काळचं ऐकलेलं सांगत असावेत.

पाच वर्षांनी बदलायचं म्हणजे स्टेंट काय टायर आहे? तो काढतही नाहीत, बदलतही नाहीत. झुरिकमध्ये सप्टेंबर १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी जगात पहिल्यांदा हृदयाच्या नसेत फुगा फुगवून ती उघडली, तेव्हा स्टेंट हा प्रकारच नव्हता. तो रुग्ण ३८ वर्षांचा होता. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तर त्याची ती जागा उघडीच होती. सगळे इतके नशीबवान नव्हते, नुसत्या फुग्यानंतर जवळजवळ एक-तृतीयांश लोकांची नस काही महिन्यांत पुन्हा आवळायची. म्हणून १९८६ पासून स्टेंट आले आणि पुढे औषध लावलेले स्टेंट आले. आता ते प्रमाण खूप खाली आलंय. पुढचा अटॅक येतो तो पुष्कळदा भलत्याच जागेवरून, जिथं आज किरकोळ चरबी साचलेली आहे आणि तिचा थर फाटतो. म्हणून तर रात्रीची चरबीची गोळी, ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन जे असेल ते, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी सोडायची नसते. ती सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांत रक्त तपासायचं असतं, आणि एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा ५५ च्या खाली हवा. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, ते तुमच्यासाठी नाही.

काढ्यानं ब्लॉकेज विरघळत नाही. नसेतलं ते साचलेपण नसेच्या भिंतीत असतं, नळातल्या गाळासारखं आत मोकळं पडलेलं नसतं. शिवाय त्यात काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यात ज्येष्ठमध असला आणि तो रोज पोटात गेला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. कमकुवत हृदयाला ते महागात पडतं. कोर्सच्या पैशात रक्ताची तपासणी आणि एको दोन्ही भागतील.

खाण्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, मी लिहीत नाही. भाकरी, भाजी, आमटी, भरीत सगळं चालतं, तेल मोजून आणि मीठ कमी. पापड, लोणचं, फरसाण बंद. ठेच्यातली मिरची हृदयाला त्रास देत नाही, त्यातलं मीठ आणि वरचं तेल देतं.

बाहेरच्या खोलीचं विचारायला तुम्हाला संकोच वाटला, पण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्याला असतो आणि विचारत कुणी नाही. डॉक्टरांकडे ‘नवरा-बायको म्हणून राहायला हरकत नाही ना?’ एवढं म्हटलं तरी त्यांना कळतं. साधा हिशेब असा : दोन मजले जिना न थांबता, छातीत न भरता, फार धाप न लागता चढता आला, की संबंध ठेवायला हृदय तयार आहे. अटॅकला अडीच महिने झालेत, चालणं अर्ध्या तासावर आलं की भीतीचं कारण उरत नाही. संबंधाच्या वेळी अटॅक येणं फार विरळा. काही गोळ्यांमुळे, आणि धास्तीमुळे त्याहून जास्त, पुरुषाला अडचण येऊ शकते. त्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून ताकदीची गोळी आणायची नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि ती ताकदीची निळी गोळी (व्हायग्रा) एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. आणि हो, एका खोलीत झोपायला तर आजही कुणाची परवानगी लागत नाही.

पुन्हा तसंच दुखलं तर : हातातलं काम टाकून बसवायचं, सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर एक जिभेखाली, उभं ठेवून द्यायची नाही, कारण चक्कर येते. पाच मिनिटांत थांबलं नाही की १०८. ॲस्पिरिन ३०० चावून खायला द्यायची का, हे याच भेटीत डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या. सोडा नाही, मोटरसायकलवर मागे बसवून नाही. अँजिओप्लास्टी होते असा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे आजच ठरवून नंबर भिंतीवर लावा. डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचा स्टिकर असलेला कागद एका पिशवीत, पिशवी दाराजवळच्या खिळ्याला.

पुडीवरून भांडू नका, पण सोडूनही देऊ नका. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब चढवतं. धूर नाही म्हणून हृदयाला चालते, ही समजूत खोटी. दोन महिने सुटली होती ही मोठी गोष्ट आहे, आणि पुन्हा हात गेला तो रिकाम्या बसण्यातून गेला असेल. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, फोन मालकांनी स्वतः करायचा.

आणि मुलगा. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला, म्हणजे त्याच्या नावापुढेही एक खूण लागली. २६ व्या वर्षी त्याला काही होतंय असं नाही, पण रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) या तपासण्या त्यानं यंदाच करून घ्याव्यात. पुण्यात कुठल्याही लॅबमध्ये सकाळी ऑफिसला जाता जाता होतं.